बिराप्पा मिस्त्री आणि सात नंबरची बाटली

बिराप्पा मिस्त्री सकाळी सहाला फोन लावतात आणि समोरच्यानं उचलला की हॅलो म्हणत नाहीत, नाव सांगत नाहीत, 'उठलास का रं' असंही विचारत नाहीत. ते एकच विचारतात, "गोठलंय का?"

समोरून 'व्हय' किंवा 'न्हाई' आलं की फोन बंद. लगेच दुसरा नंबर. "गोठलंय का?" असे सात फोन ते चार-पाच मिनिटांत उरकायचे आणि तळव्यावर पेनानं काहीतरी खुणा करून चहाला यायचे. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या सकाळी हे ऐकलं तेव्हा माझी समजूत झाली की मिस्त्रींचा कुल्फीचा जोडधंदा असावा. तसं मी त्यांना म्हणालोसुद्धा. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शिक्षान किती?"

मी इतिहासात एम. ए. आहे. कोरेगावला एका ठेकेदाराच्या यार्डात स्टोअरकीपर आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण मामांनी शब्द टाकला आणि मी लागलो. ठेकेदार रस्त्यांची, तलावांची कामं घेतो. त्याची सहा मशीनं आहेत: तीन पोकलेन, दोन डंपर आणि एक रोलर. ती कधी महाबळेश्वरच्या घाटात दरडी उपसतात, कधी जतला तलावातला गाळ काढतात, कधी कोरेगावच्याच आसपास असतात. या सगळ्यांच्या पोटात जाणारं तेल माझ्या ताब्यात. म्हणजे पिंपाच्या किल्ल्या माझ्याकडं आणि कुठल्या पिंपाचं झाकण उघडायचं ते बिराप्पांच्या डोक्यात.

गोठलंय का, ते विचारायचे खोबरेल तेलाबद्दल. डोक्याला लावायच्या. प्रत्येक मशीनच्या केबिनमध्ये त्यांनी खोबरेलाची एकेक छोटी बाटली तारेनं बांधून ठेवली होती. सकाळी मशीन चालू करायच्या आधी ऑपरेटरनं ती बाटली उलटी करून बघायची आणि मिस्त्रींना सांगायचं. तेल गोठलेलं असेल तर इंजिनाला आणि हायड्रॉलिकला पातळ तेल. आठवडाभर गोठलं नाही तर घट्ट तेल. त्यांचा ऋतू कॅलेंडरवर यायचा नाही, बाटलीत यायचा.

मी आपला साधा माणूस. मला वाटलं, एकदा नीट विचारून लिहून घेऊ.

"मिस्त्री, हिवाळ्यात कुठलं तेल घालायचं?"

"कुटल्या हिवाळ्यात?"

"कुठल्या म्हणजे? हिवाळ्यात."

"कोरेगावच्या, का जतच्या, का म्हाबळेश्वरच्या? हिवाळा काय एक हाय व्हय?"

मी वहीत तीन गावं आणि तीन ऋतू असा नऊ चौकोनांचा तक्ता आखला आणि मिस्त्रींना एकेक चौकोन विचारत गेलो. शेवटी मोजलं तर नऊ चौकोनांत अकरा उत्तरं झाली होती. महाबळेश्वरच्या पावसाळ्यालाच दोन उत्तरं मिळाली. "पाऊस मशीनच्या आंगावर पडतुया का टाकीत जातुया? आंगावर पडला तर थंडीचं तेल. टाकीत गेला तर तेल दुधागत पांढरं हुतंय, मंग समदंच काडून टाकायचं," असं त्यांचं म्हणणं. दोन्ही उत्तरं बरोबर असावीत. माझा चौकोन मात्र एकच होता.

मग आकड्यांचा घोळ. पिंपावर 'पंधरा डब्ल्यू चाळीस' असं काहीतरी लिहिलेलं असतं. याचा अर्थ काय, असं मी तीन जणांना विचारलं आणि तिघांनी तीन व्याख्यानं दिली. बिराप्पांनी एका वाक्यात संपवलं. "पयला आकडा सकाळचा, दुसरा आकडा दुपारचा. सकाळी मशीन उठतंय कसं ते पयला सांगतुया, दुपारी तापल्यावर टिकतंय कसं ते दुसरा."

"आणि मधला डब्ल्यू?"

"त्यो मधी बसलेला हाय. त्येला उठवू नगा."

हे मला इतकं पटलं की मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. आणि दुसऱ्याच दिवशी हायड्रॉलिकच्या पिंपावर बघतो तर एकच आकडा. सेहेचाळीस. शेजारच्या पिंपावर अडुसष्ट. "मिस्त्री, यांची सकाळ-दुपार कुठं गेली?" असं विचारल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. हे तेल पोकलेनच्या हाताला बळ देणारं. त्याचा हिशेब वेगळा. गारठ्यात सेहेचाळीस, कारण ते पातळ. तापलेल्या रानात अडुसष्ट, कारण ते घट्ट. जतला एप्रिलात केबिनच्या पत्र्याला हात लावला तर फोड येतो. तिथं पातळ तेल घातलं तर पोकलेनचा हात लुळा पडतो. इतकं मला कळलं. कोरेगावला काय घालायचं, हे विचारल्यावर ते "बगू, बाटली काय म्हंती," असं म्हणून निघून गेले.

बिराप्पा मूळचे जतकडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्यांचे वडील कळप घेऊन मैलोन् मैल चालायचे. बिराप्पांनी मेंढरं सोडली आणि पाना हातात घेतला, पण स्वभाव काही सोडला नाही. घाटात थंडी पडली की ते इंजिनावर रात्री घोंगडं टाकायला लावत. टाकीला कान लावून ऐकत. तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात चोळून, डोळे मिटून उभे राहत. अशा वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नसे. त्यांच्या तोंडी तेलाला तीन नावं होती. कुणी चुकीचं तेल घातलं की ते 'ऑइल' व्हायचं. "कुनी घातलं रं ह्ये ऑइल?" असं ऐकू आलं की ऑपरेटर डंपरमागं जायचे. रोजच्या कामात ते 'तेल' असायचं. आणि फार खुशीत असले, मशीन एका झटक्यात सुरू झालं, की हळूच 'एण्णी' म्हणायचे. त्यांच्या आईची बोली कानडी. "एण्णी चांगली हाय," असं म्हणून ते बॉनेटवर दोनदा हलकेच थोपटायचे. हे मी वर्षातून तीन-चारदाच पाहिलंय.

आता माझ्या मुख्य गोंधळाकडं येतो. मशीनं सहा होती आणि फोन सात.

पहिले काही महिने हे माझ्या लक्षातच आलं नाही. दिवाळीला मिस्त्रींनी नव्या बाटल्या मागितल्या तेव्हा मी सहा काढल्या, तर ते म्हणाले, "सात." मी परत मशीनं मोजली. यार्डात दोन, बाहेर चार.

"सातवं मशीन कुठलं?"

"म्हाबळेश्वरचं."

"ते तर दोन वर्षांपूर्वी जतला गेलं. आता चार नंबर म्हणतात त्याला."

"मशीन गेलं. थंडी कुटं गेलीया?"

मी यावर दोन दिवस विचार केला आणि मला ते पटलं. उद्या तिकडं मशीन पाठवायची वेळ आली तर तिथली हवा माहीत नको का? सातवी बाटली एका टेम्पोवाल्याबरोबर वर गेली. इतका शहाणा माणूस आपल्या यार्डात आहे, याचा मला अभिमानही वाटला. तिथं बाटली उलटी करून बघतं कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही. इतिहासात एम. ए. झालेल्या माणसाला नेमकं तेवढंच सुचत नाही.

आणि मग मार्च महिन्यात बिराप्पांनी चूक केली.

पाच नंबरचं पोकलेन जतला निघालं होतं. ट्रेलर दारात उभा होता. मी किल्ल्या घेऊन विचारलं, "मिस्त्री, अडुसष्ट ना?" ते दाराच्या चौकटीला टेकून कुठंतरी बघत होते. म्हणाले, "सेहेचाळीस."

"जतला? सेहेचाळीस?"

"गोठलंय म्हनली," एवढंच ते म्हणाले.

'म्हनली' हा शब्द मी ऐकला, पण तोही मी सोडून दिला. मला वाटलं, जतला अवेळी थंडी पडली असेल, हवामानाचं हल्ली काही सांगता येत नाही. मी पातळ तेल भरलं. जतला मशीननं चार दिवस कसंबसं काम केलं. पाचव्या दिवशी भर दुपारी गाळानं भरलेला हात वर उचलेना. सीलमधून तेल ठिबकायला लागलं. तलावाचं काम दोन दिवस थांबलं आणि गावातले लोक रोज काठावर येऊन विचारू लागले.

ठेकेदारानं नुकतेच पुण्याहून एक नवे इंजिनिअर साहेब आणले होते. ते यार्डात आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तेल तपासलं, माझी वही तपासली, अकरा उत्तरांचा तक्ता दोनदा वाचला आणि मग एका डंपरच्या केबिनमधली बाटली तारेसकट सोडवून टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"खोबरेल," मी म्हणालो.

"ते दिसतंय मला. आपण रस्ते करतो की केस कापतो?"

मी बिराप्पांकडं बघितलं. एरवी हा माणूस पुण्याच्या साहेबाला पहिल्या आकड्याची सकाळ आणि दुसऱ्या आकड्याची दुपार ऐकवल्याशिवाय सोडता ना. त्या दिवशी ते हात मागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "माजी चूक हाय, सायेब." चूक का झाली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला तर त्यांच्याहून कमी कळत होतं.

साहेबांनी भिंतीवर छापील तक्ता लावला. आता बारा महिने, तिन्ही गावांना चालेल असं एकच तेल. बाटल्या बंद. सकाळचे फोन बंद. आणि खरं सांगायचं तर मशीनं व्यवस्थित चालू लागली. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की कुठलं पिंप उघडायचं. गोंधळ संपल्यामुळं मला फार बरं वाटायला हवं होतं.

पण बिराप्पा बिघडले. सहा वाजता ते खोलीबाहेर यायचे, फोन हातात घ्यायचे, त्याच्याकडं बघायचे आणि परत खिशात ठेवायचे. चहा अर्धा टाकायचे. पान्यांना पुसत बसायचे, तेही पुसलेल्याच पान्यांना. मला वाटलं, मान गेला म्हणून मनाला लागलं असेल. मी समजूत घालायला गेलो. "मिस्त्री, तुमचं वय झालं, जरा आराम करा," असं काहीतरी मूर्खासारखं बोललो. ते म्हणाले, "स्टोर, आता कुटल्या तोंडानं इचारू?"

"कुणाला?"

ते परत पाना पुसायला लागले. मी हेही वहीत लिहून ठेवलं, समजलेलं काहीच नसताना.

मे महिन्याचे शेवटचे दिवस. भर दुपारी आम्ही दोघं यार्डातल्या लिंबाखाली जेवत होतो. बिराप्पांचा फोन वाजला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता सात आकडा. ते त्या सातकडं बघतच राहिले. हात पिठल्यानं बरबटलेले, म्हणून करंगळीनं दाबायला गेले आणि आवाज मोठ्यानं बाहेर आला.

"आप्पा, गोठलंय."

बाईचा आवाज. माझा घास हातातच राहिला.

"किती?" बिराप्पांनी विचारलं.

"दगडागत."

"दुपारी?"

"व्हय."

"मे म्हैन्यात?"

"व्हय." आणि फोन बंद. अगदी बिराप्पा बंद करायचे तसा.

ते भाकरी तशीच ठेवून उठले. "स्टोर, दगडागत म्हंती. मे मधी. दुपारी. ह्ये हुईलच कसं?" मला काय माहीत? महाबळेश्वरला उन्हाळ्यात सकाळी गार असतं, तेव्हा खोबरेल जरा गढुळतं इतपत मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. पण भर दुपारी दगड? "तपासाय पायजे," ते म्हणाले. त्यांनी पान्यांची पेटी घेतली. सेहेचाळीसचा कॅन घेतला. मग थोडा विचार करून अडुसष्टचाही घेतला. जीप काढली खरी, पण किल्ली लावली आणि ते शेजारच्या सीटवर सरकले. "तुमी चालवा."

सातारा गेलं, मेढा गेलं. बिराप्पा पान्यांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. केळघरच्या घाटात पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता अडवला तेव्हा मी न राहवून विचारलं, "मिस्त्री, सात नंबर म्हणजे कोण?"

"माजी लेक. माया."

मग घाटाच्या वळणावळणांवर, थांबत थांबत, त्यांनी सांगितलं. बायको गेली तेव्हा माया आठ वर्षांची. घरी दुसरं कुणी नाही, म्हणून तिला घेऊन ते कामावर हिंडले. पत्र्याच्या खोपटात राहायचं, जवळपास शाळा असेल तिथं नाव घालायचं. रोज सकाळी तिची वेणी ते स्वतः घालायचे.

"थंडीत बाटली गोठायची. पोरगी बोंब मारायची, शाळा चुकली म्हनून. मंग मी मशीन चालू करायचा आन बाटली बॉनेटवर ठिवायचा. मशीन तापलं की तेल पातळ. एक म्हैनाभर ह्ये चाललं आन मला कळलं, ज्या दिशी बाटली गोठती त्याच दिशी इंजिन बी रडतंय. तवापास्नं पयली बाटली बगायची, मंग तेल ठरवायचं."

म्हणजे सगळ्या यार्डानं ज्या शास्त्रापुढं मान तुकवली होती ते एका पोरीच्या वेणीतून आलं होतं.

तीन वर्षांपूर्वी मायानं महाबळेश्वरच्या एका टॅक्सीवाल्याशी आपल्या मनानं लग्न केलं. पोरगा जातीतला नाही. भाऊबंद जतकडच्या बिरोबाच्या देवळात जमले आणि बिराप्पांना म्हणाले, भंडारा उचल. त्यांनी मुठीत भंडारा घेतला आणि देवासमोर शब्द दिला की लेकीशी संसाराचं एक अक्षर बोलणार नाही.

"मग रोजचा फोन?"

"त्यो संसाराचा हाय व्हय? त्यो तेलाचा हाय." ते माझ्यावर जवळजवळ रागावलेच. "मशीन तिकडनं हाललं तवा आपरेटरनं बाटली तिच्याकडं दिली. म्हनला, रिडिंग द्यायला कुनीतरी पायजे. दोन वर्सं रोज इचारतुया. गोठलंय का? व्हय. न्हाई. त्येच्यापरीस एक शब्द जास्त न्हाई. शब्द मोडला न्हाई मी."

दोन वर्षं. रोज दोन-तीन शब्द. मी मनात गुणाकार करायला लागलो आणि मग नको वाटलं.

"आणि मार्चात?"

बिराप्पा खिडकीबाहेर बघू लागले. "मार्चात म्हनली, 'गोठलंय. आन मळमळतंय.'"

जीप पहिल्या गिअरमध्ये होती.

"तुमीच सांगा, स्टोर. तुमी शिकलेलं. मळमळतंय ह्ये तेलाचं हाय का संसाराचं?"

मी प्रामाणिकपणे विचार केला आणि मला सांगता आलं नाही.

"मला बी कळंना. मी फोन ठिवून दिला. तिला आई न्हाई. कुनाला सांगनार ती? दिसभर डोक्यात त्येच. जतच्या मशीनमधी काय घातलं, देवाशपथ मला आटवत न्हाई. आन मंग सायबांनी बाटल्याच काडल्या. आता तेलाचं कामच ऱ्हायलं न्हाई. फोन करू तर कशाचा करू? केला तर संसाराचाच हुनार."

मला तेव्हा समजलं की साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला तेव्हा बिराप्पांची नोकरी शाबूत राहिली आणि लेक गेली.

गावाबाहेर, लाल मातीच्या उतारावर मायाचं घर. स्ट्रॉबेरीचे वाफे उपसलेले. नवरा सीझनची भाडी मारायला गेलेला. जीपचा आवाज ऐकून ती दारात आली. मॅक्सीवर ओढणी, केस कसेतरी गुंडाळलेले, आणि पोट दिसत होतं. बिराप्पा जीपमधून उतरले ते पान्यांची पेटी घेऊन. तिच्याकडं न बघता म्हणाले, "बाटली."

तिनं आत जाऊन बाटली आणली. बिराप्पांनी ती उलटी केली, उन्हात धरली, पान्याच्या दांड्यानं टकटक करून बघितली. खरंच दगड. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा गोंधळ कधी पाहिला नव्हता, आणि गोंधळलेला चेहरा मी रोज आरशात बघतो.

"कुटं ठिवली हुती?"

"फ्रीजमधी."

"फ्रीजमधी?"

"दोन म्हैनं झालं, तुमी इचारंना." मायाचा आवाज एकदम फुटला. "रोज सहाला फोन घेऊन बसते मी. म्हटलं, गोठलं तर तरी याल."

बाटली हातात घेऊन बिराप्पा इकडं तिकडं बघू लागले. मग वळले आणि घाट चढून तापलेल्या जीपच्या बॉनेटवर त्यांनी ती ठेवली. आम्ही तिघं बॉनेटभोवती उभे राहिलो, एखादं मशीन खोललं की माणसं जमतात तसे.

"स्टोर," थोड्या वेळानं ते म्हणाले, "तिला इचारा, कितवा?"

"कितवा काय?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"पाचवा," माया मला म्हणाली.

"पाचवा," मी बिराप्पांना म्हणालो. तिघंही तीन हातांच्या अंतरात उभे होतो. बिराप्पांनी मान हलवली. बाटली फिरवून तिची दुसरी बाजू बॉनेटला लावली. तेल कडेनं सुटायला लागलं होतं.

"डोक्याला तेल कवा लावलंस?" हे त्यांनी तिलाच विचारलं. तेलाचं होतं ना.

"लय दिस झालं. हात वर क्येला की पाठीत कळ येती."

तेल पुरतं पातळ झालं तसे ते ओट्यावर बसले. ती खालच्या पायरीवर, त्यांच्याकडं पाठ करून बसली, कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी अंगठ्या-बोटात एक थेंब चोळून बघितला, डोळे मिटून. मग ओंजळीत तेल घेऊन तिच्या टाळूवर ठेवलं. जाड, काळ्या भेगांच्या बोटांनी ते भांग पाडू लागले, आणि ती बोटं कुठंही अडखळली नाहीत.

"आप्पा," ती खाली मान घालून म्हणाली, "तेलाचं सोडून कायतरी बोला की."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता उठतात. मग ते परत चोळू लागले.

"ह्ये बी तेलाचंच हाय," ते म्हणाले. आणि मग इतक्या हळू, की मला नीट ऐकू आलं की नाही याची खात्री नाही, "एण्णी चांगली हाय." माया रडत होती. बिराप्पाही रडत होते, पण त्यांचे हात तेलात असल्यामुळं त्यांना डोळे पुसता येत नव्हते. मी रिकामे वाफे बघायला गेलो आणि तिथं बघण्यासारखं काही नसताना बराच वेळ बघत राहिलो.

परत येताना घाटात मी विचारलं, "मिस्त्री, आता फोनचं काय? बाटल्या तर बंद आहेत." ते म्हणाले, "बगू." सेहेचाळीसचा आणि अडुसष्टचा कॅन त्यांच्या पायाशी तसाच होता, न उघडलेला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. एक नवी बाटली खिशात होती. वहीत काय लिहायचं ते ठरत नव्हतं, शेवटी 'सात नंबर' एवढंच लिहिलं होतं. सहा वाजले. बिराप्पा खोलीबाहेर आले, लिंबाखाली उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला. एकच नंबर. पलीकडून उचलला गेला. मी कान टवकारून उभा होतो, ते नेहमीचं विचारतील म्हणून. त्यांनी आभाळाकडं पाहिलं, जतच्या दिशेला एकदा हात जोडले, आणि विचारलं, "मळमळतंय का?"

आणि फोन बंद झाला नाही. ते खाली बसले, लिंबाला टेकले आणि ऐकू लागले. चहा आला. चहावर साय धरली. मी पोऱ्याला तो परत गरम करून आणायला सांगितलं.